गनडॉगचे सौम्य प्रशिक्षण

बंदुकीने पक्ष्यांची शिकार करणाऱ्यांबरोबर रानात काम करणाऱ्या कुत्र्यांना गनडॉग म्हणतात. लॅब्रॅडॉर व गोल्डन रिट्रीव्हर पडलेला पक्षी शोधून आणतात, स्प्रिंगर आणि कॉकर स्पॅनिअल झुडपे धुंडाळून पक्षी उठवतात, तर पॉइंटर व सेटर पक्ष्याचा वास लागताच जागच्या जागी थबकून तो दाखवतात. या कुत्र्यांना मारझोड न करता, प्रत्येकाचा स्वभाव ओळखून शिकवण्याची पद्धत म्हणजे सौम्य प्रशिक्षण.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या शिक्षणाला ‘ब्रेकिंग’ म्हणत, म्हणजे मोडणे; चाबूक त्यातला नेहमीचा. अमेरिकेत कान चिमटीत दाबून, कुत्र्याने वेदनेने तोंड उघडताच त्यात वस्तू देण्याची रीत अजूनही काही ठिकाणी आहे. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यावर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे.

सौम्यपणाची गरज मुळात कामातूनच येते. पक्षी दात न रुतवता आणावा लागतो. ब्रिटनच्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे गनडॉगच्या रानातल्या कामाच्या स्पर्धेत, पक्षी चेंगरणारा कुत्रा बाद होतो. शिवाय गनडॉगने मालकापासून शंभर मीटरवर स्वतःच्या नाकाच्या भरवशावर शोध घ्यायचा, आणि लांब शिट्टी वाजताच थांबून वळून पाहायचे. धास्तावलेला कुत्रा एकतर पायाजवळून हलत नाही, नाहीतर परत यायलाच कचरतो.

सराव पक्ष्याऐवजी वापरायच्या कॅनव्हासच्या, साधारण अर्धा किलोच्या डमीवर होतो. पिल्लाला गुंडाळलेला मोजा पुरतो. पिल्लू मोजा घेऊन येते तेव्हा शिकवणारा जमिनीवर बसतो. हात मोज्याकडे नेत नाही. आधी छाती आणि मानेखाली खाजवतो. पिल्लाला तोंडात धरून उभे राहण्यातच सुख वाटू लागले की मगच हनुवटीखाली तळवा धरून मोजा हळूच घेतो. हिसकावला तर पुढच्या वेळी ते तो घट्ट चावते किंवा घेऊन पळते. घट्ट चावण्याच्या खोडीचे मूळ पुष्कळदा इथेच असते.

खरे कौशल्य मात्र कुणाला काय द्यायचे, यात आहे. उतावळ्या स्पॅनिअलला बसवून डमी टाकायची आणि दहापैकी सात-आठ वेळा माणसाने स्वतःच जाऊन उचलायची. पडलेली प्रत्येक वस्तू आपली नसते, हे त्याला त्यातूनच उमजते. हाच पाठ बुजऱ्या लॅब्रॅडॉरला दिला तर त्याची उरलीसुरली उमेदही जाते. त्याला आधी मनसोक्त धावू द्यावे, स्थिर बसणे नंतर. बंदुकीच्या आवाजाची ओळखही अशीच दुरून, खाण्या-खेळण्याच्या वेळी करून देतात, कारण ती भीती एकदा बसली की काढणे फार कठीण.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या शिकारीला बंदी असल्याने हे काम इथे उरलेले नाही. पण पुण्या-मुंबईच्या घरांतले लॅब्रॅडॉर त्याच रक्ताचे. चप्पल तोंडात धरून शेपूट हलवत येणारे पिल्लू खोडकर नसते. ते आपले काम करत असते. अशा वेळी ओरडत मागे धावू नये. उलट दिशेला चालू लागावे, खाली बसावे, आणि ते चप्पल घेऊन जवळ आले की आधी त्याला कुरवाळावे.