प्रतिपिंडे वाढली, की काळजी वाढते

रक्तात एखाद्या जीवाणूविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असली, की शरीर त्या जीवाणूला तोंड द्यायला सज्ज आहे असे आपण मानतो, आणि बहुतेक रोगांत ते खरेही असते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात मात्र हा हिशेब उलटा असल्याचे १९७०च्या दशकात कोपनहेगनमध्ये दिसून आले. तेथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नील्स हॉइबी आणि त्यांचे सहकारी या रुग्णांच्या रक्तात स्यूडोमोनस एरुजिनोसा या जीवाणूविरुद्ध किती प्रकारची प्रतिपिंडे आहेत हे मोजत होते. ज्यांच्या रक्तात ती अधिक होती आणि झपाट्याने वाढत होती, त्यांचीच फुप्फुसे लवकर निकामी होत गेली. डेन्मार्कमध्ये अशा प्रतिपिंडांची वाढ हे संसर्ग कायमचा ठाण मांडून बसल्याचे लक्षण मानले जाऊ लागले.

हे कोडे सुटण्यासाठी मुळाकडे जावे लागते. सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर या जनुकाचा शोध १९८९ मध्ये लागला. हे जनुक पेशींच्या आवरणातील एका प्रथिनाचा आराखडा असते, आणि त्या प्रथिनाच्या वाटेने क्लोराइड व बायकार्बोनेट पेशीबाहेर पडतात. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत मिळालेल्या मुलात हा मार्ग बंद पडतो किंवा अरुंद होतो, श्वासनलिकांच्या आतील ओलावा आटतो आणि तिथला पातळ श्लेष्म, म्हणजेच कफ, घट्ट व चिकट होतो. निरोगी फुप्फुसात श्वासाबरोबर आलेले जीवाणू या श्लेष्मात अडकतात आणि श्वासनलिकेवरील सूक्ष्म केस त्यांना सतत घशाकडे ढकलत राहतात. इथे ही झाडलोटच थांबते. लहान वयात बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि हिमोफिलस हे जीवाणू सापडतात, आणि पुढे स्यूडोमोनस त्यांची जागा घेतो.

जीवाणू अडकले की रक्तातून न्यूट्रोफिल या श्वेतपेशी धावून येतात. जीवाणू गिळून मारणे हे त्यांचे काम, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक रसायने आणि इलॅस्टेज नावाचे प्रथिने कापणारे विकर (एन्झाइम) असते. साध्या न्यूमोनियात काम आटोपले की या पेशी मरतात, त्यांची विल्हेवाट लागते आणि दाह, म्हणजे या लढाईतून आलेली सूज, शमतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये काम आटोपतच नाही. मेलेल्या पेशींमधून सांडणारे इलॅस्टेज इतके वाढते की त्याला आवर घालणारी शरीराची स्वतःची प्रथिने अपुरी पडतात. मग ते श्वासनलिकांच्या भिंतींना लवचीकपणा देणारे धागे कापू लागते, आणि नलिका कायमच्या रुंदावतात. पण मला त्याहून गंभीर वाटते ते दुसरे नुकसान. हेच विकर प्रतिपिंडांचे तुकडे करते, आणि जीवाणूला ओळखून पकडण्यासाठी न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावर असलेली ग्राहक प्रथिनेही छाटून टाकते. म्हणजे पेशी लाखोंनी येतात, पण त्यांचे पकडण्याचे हातच तुटलेले असतात. शिवाय इलॅस्टेजच्या स्पर्शाने श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी इंटरल्युकिन-८ हे निरोप देणारे रसायन सोडतात, आणि त्या निरोपावर आणखी न्यूट्रोफिल येतात.

मेलेल्या न्यूट्रोफिलमधील डीएनएचे लांब धागे कफात मिसळून तो अधिकच चिवट करतात. १९९३ पासून अमेरिकेत वापरात आलेले डॉर्नेज अल्फा हे वाफेसारखे श्वासातून घ्यायचे औषध हेच धागे तोडते. कफ सुटण्यासाठी मानवी पेशींचा स्वतःचाच डीएनए कापावा लागतो, यावरून तिथे किती पेशी मरून पडल्या असतील याची कल्पना येते.

जीवाणूही या हल्ल्याखाली बदलतो. न्यूट्रोफिल सोडतात तेवढ्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या संपर्कात स्यूडोमोनस ठेवला असता त्याच्यात असे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, होऊ शकते, की तो अल्जिनेट या बुळबुळीत शर्करामय पदार्थाचे आवरण तयार करू लागतो. हे प्रयोगशाळेत दाखवले गेले आहे. या आवरणात समूहाने राहणाऱ्या जीवाणूंना, म्हणजे जैवपटलाला, ना श्वेतपेशी गिळू शकतात ना प्रतिजैविके पुरती मारू शकतात. भरीला न्यूट्रोफिल आपली दाहक रसायने बनवण्यासाठी भोवतीचा ऑक्सिजन शोषून घेतात. ऑक्सिजनविरहित कफात टोब्रामायसिनसारख्या प्रतिजैविकाचा प्रभाव कमी होतो, तर स्यूडोमोनस नायट्रेट वापरून श्वसन चालू ठेवतो. मारण्यासाठी आलेल्या पेशीच अशा रीतीने त्याला चिलखत आणि आसरा दोन्ही पुरवतात.

आता प्रतिपिंडांचे कोडे उलगडते. जैवपटलाच्या आत प्रतिपिंडे फारशी उपयोगी पडत नाहीत, पण त्यातून सुटणाऱ्या जीवाणूंच्या तुकड्यांना ती चिकटतात, आणि ही जोडगोळी फुप्फुसाच्या ऊतीत साचून न्यूट्रोफिलांना नव्याने चिथावते. सगळ्याच रुग्णांत प्रतिसाद सारखा नसतो, हेही कोपनहेगनच्याच अभ्यासात दिसले. ज्यांच्या श्वेतपेशी गॅमा इंटरफेरॉन हे रसायन अधिक तयार करत होत्या, त्यांची फुप्फुसे तुलनेने चांगली टिकली होती.

मग दाहच दाबला तर? १९८५ मध्ये प्रेडनिसोन या स्टेरॉइडचे आशादायक निष्कर्ष आले, परंतु अमेरिकेतील मोठ्या चाचणीत मुलांची वाढ खुंटली, रक्तातील साखर बिघडली आणि मोतीबिंदूही आढळले. मोठ्या मात्रेतील आयब्युप्रोफेनने फुप्फुसांची घसरण मंदावल्याचे १९९५ मध्ये दिसले. न्यूट्रोफिलांना बोलावणारा एक निरोप अडवणाऱ्या दुसऱ्या औषधाची चाचणी मात्र छातीचे त्रास वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली. हानी करणाऱ्या पेशी काही प्रमाणात रक्षणही करत होत्या, ही गोष्ट तिथे रुग्णांना सोसावी लागून सिद्ध झाली.

डेन्मार्कने म्हणून चक्र सुरू होण्याआधीच त्याला गाठण्याचा मार्ग धरला. रुग्णांचा कफ दरमहा तपासायचा, संसर्ग झालेले आणि न झालेले रुग्ण एकमेकांपासून वेगळे ठेवायचे, आणि स्यूडोमोनस पहिल्यांदा दिसताच उपचार करायचे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत श्वासातून कॉलिस्टिन आणि तोंडाने सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके दिलेल्या १४ पैकी फक्त २ रुग्णांत संसर्ग कायमचा झाला, तर उपचार न केलेल्या १२ पैकी ७ रुग्णांत झाला. या पद्धतीचा अंगीकार पुढे अनेक देशांनी केला. अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेले तीन औषधांचे मिश्रण सदोष प्रथिनालाच कामाला लावते आणि त्याने कफ व दाह दोन्ही घटतात, पण ज्यांच्यात स्यूडोमोनस आधीच रुजला आहे अशा अनेकांत तो उपचारानंतरही टिकून राहतो.

हा आजार फक्त गोऱ्या लोकांचा, ही समजूत भारतात फार काळ टिकली. युरोपात सर्वाधिक आढळणारे उत्परिवर्तन आपल्याकडच्या रुग्णांत तुलनेने कमी दिसते, त्यामुळे केवळ तेवढ्याच उत्परिवर्तनासाठी केलेल्या जनुकीय तपासणीत मूल निर्दोष ठरू शकते. वारंवार न्यूमोनिया, तेलकट व दुर्गंधीयुक्त शौच, खाऊनही न वाढणारे वजन आणि पापा घेताना खारट लागणारे कपाळ अशी लक्षणे असतील तर घामाची चाचणी करून घ्यावी. घामातील क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून अधिक निघाले, तर निदान सिस्टिक फायब्रोसिसकडे झुकते, आणि तेव्हापासून कफाची नियमित तपासणी सुरू करता येते.