स्लॅब उतरला, उतरतं छप्पर चढलं

काळा घोड्यापाशी डेव्हिड ससून वाचनालयाची पिवळसर मालाड दगडाची इमारत १८७० साली पुरी झाली, तेव्हा तिच्या डोक्यावर उतरतं छप्पर होतं. विसाव्या शतकात ते जाऊन तिथे काँक्रीटचा सपाट स्लॅब आला. २०२३ मध्ये जीर्णोद्धार पुरा झाला तो स्लॅब काढून, छपराला पुन्हा उतार देऊन. रस्त्यावरून बघणाऱ्याला ही निव्वळ हौस वाटेल. मुंबईत वरच्या मजल्यावर पावसाळे काढलेल्याला वाटणार नाही.

कुलाब्याला वर्षाकाठी दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. उतारावरचं पाणी पन्हळीत जातं, गच्चीवरचं रेंगाळतं. त्यात ऊन. दहा मीटर लांबीचा स्लॅब वीस अंशांनी तापला की दोनेक मिलीमीटर वाढतो आणि रात्री पुन्हा आखडतो. रोजच्या या ओढाताणीत बारीक भेगा पडतात. मग पाणी आतल्या सळयांपर्यंत पोचतं.

खरी गंमत सळयांची आहे. ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, सामू (pH) बारा-तेराच्या घरात. अशा वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच त्याला गंजू देत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, काँक्रीटमधल्या चुन्याशी त्याची अभिक्रिया होते आणि सामू नऊच्या खाली येतो. थर मोडला की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतूनच फुटतं. आपण म्हणतो, पोपडे पडले.

आमच्या सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटला इंजिनियरने जिन्यातल्या बीमचा एक टवका उडवला आणि आत फिनॉल्फ्थॅलिन फवारलं, म्हणजे अल्कधर्मी जागी गुलाबी होणारं रसायन. बाहेरचा दोन बोटं भाग करडाच राहिला, त्याच्या आत रंगपंचमीसारखा गुलाबी रंग चढला. शेजारच्या काकू घाबरल्या, “गुलाबी म्हणजे वाईट ना हो?”

“नाही काकू, करडं वाईट. गुलाबी आहे तिथे अजून जीव आहे.”

अर्थात समुद्राकाठी गुलाबी रंगावरही फार विसंबता येत नाही. खाऱ्या हवेतले क्लोराइड सळईपर्यंत पोचले, तर सामू चांगला असूनही तो थर जागोजागी फोडतात. क्लोराइड शोधायला सिल्व्हर नायट्रेटची वेगळी चाचणी करावी लागते. आणि काळा घोडा तर दोन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या चिंचोळ्या पट्टीत!

मग नवा, चांगला स्लॅब का नाही? वजन बघा. सहा इंची स्लॅब चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या पुढे जातो, त्यावर वॉटरप्रूफिंगचा कोबा वेगळा. उतरत्या छपरासाठी बांधलेल्या दगडी भिंतींना हा बोजा कशाला?

उतरत्या छपरालाही कष्ट पडतातच. पावसाळ्याआधी पन्हळी साफ केल्या नाहीत, फटीतलं पिंपळाचं रोप उपटलं नाही, तर तेही गळेल. पण गळती कुठे आहे ते बहुधा लवकर सापडतं. स्लॅबमध्ये पाणी एकीकडे शिरतं आणि भलतीकडेच टपकतं. आमच्या सोसायटीत ती जागा शोधण्यात तीन पावसाळे गेले.