रोबोटिक गुडघेबदल: निष्कर्ष किती रुग्णांवर उभा आहे?

परळ-दादरकडच्या कुठल्याही हाडांच्या ओपीडीबाहेर हल्ली एक प्रश्न हमखास कानावर पडतो: “आईचा गुडघा रोबोटनं करायचा की नेहमीसारखा?” आज वापरातल्या बऱ्याच यंत्रणांत कापणारा हात सर्जनचाच असतो, यांत्रिक भुजा करवत आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे हाडाचे छेद जास्त अचूक बसतात, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. तरीही “चाचणीत सिद्ध झालंय” असं कुणी म्हटलं, की मी आधी रुग्ण किती होते ते बघते.

समजा, 100 रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकून 50-50 चे दोन गट केले. ऑपरेशननंतर खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे काढून पायाची रेषा मोजली. 3 अंशांपेक्षा जास्त कललेले पाय रोबोटच्या गटात 1, दुसऱ्या गटात 8. फिशरच्या संख्याशास्त्रीय कसोटीनं पी-मूल्य (पद्धतींत खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) येतं 0.03, म्हणजे 0.05 या रूढ मर्यादेच्या आत. फरक ‘लक्षणीय’ ठरला! आता रोबोटच्या गटातला आणखी एकच पाय 3.1 अंश भरला असता तर? 2 विरुद्ध 8, पी-मूल्य 0.09, आणि लक्षणीय फरक नाहीसा. एक्स-रे काढताना पाय थोडा आत-बाहेर वळला, तरी मोजलेला कोन बदलतो, हे इथे विसरून चालणार नाही.

निकाल उलटायला कमीत कमी किती रुग्णांचं उत्तर बदलावं लागेल, त्या संख्येला ‘फ्रॅजिलिटी इंडेक्स’ म्हणतात. वरच्या उदाहरणात तो 1 आहे. 2014 मध्ये नामवंत वैद्यकीय नियतकालिकांतल्या वेगवेगळ्या विषयांवरच्या 399 चाचण्या या मापानं तपासल्या गेल्या. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, निघाला 8. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे 53 टक्के चाचण्यांत हा आकडा पाठपुराव्यातून गळालेल्या रुग्णांपेक्षाही लहान होता. मुंबईत गुडघा करून कोकणात गावी गेलेली आजी वर्षानंतरच्या तपासणीला आली नाही, तर तिचा पाय कसा आहे हे नोंदीत येतच नाही. अशा दोन-तीन आज्या निकाल फिरवू शकतात.

हे माप फक्त हो-नाही स्वरूपाच्या निकालांना लागू पडतं. वेदनेच्या गुणांकनाला ते थेट लावता येत नाही. आणि रुग्णाला अंशांशी देणंघेणं नसतं. तिला जिना चढायचा असतो, लोकलमध्ये उभं राहायचं असतं. दक्षिण कोरियातल्या 1,406 रुग्णांच्या, किमान 10 वर्षं पाठपुरावा केलेल्या चाचणीचा निकाल 2020 मध्ये आला: गुडघ्याचं काम, सांधा सैल होणं, सांध्याचं टिकणं, कशातच दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही. तिथला रोबोट जुन्या पिढीचा होता, म्हणून आजच्या यंत्रांची इतकीच मोठी आणि इतकीच लांब परीक्षा व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

भारतात 2009 पासून चाचणी सुरू होण्याआधी ती सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. मुख्य निकाल कोणता मोजणार, तेही तिथे आधीच लिहावं लागतं. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही उघडून बघता येते.