चंद्राचा डेटा मिळाला, पण तो जागेवर बसलाय का?

पोर्टल आहे, डेटा खुला आहे, म्हणजे स्पेशियल डेटा इन्फ्रास्ट्रक्चर (सगळे थर एकमेकांवर अचूक बसतील अशी नकाशांची सामायिक व्यवस्था) झालंच, असं गृहीत धरून ग्रहांच्या नकाशांचे आराखडे आखले जातात. हा घोळ थांबायला हवा. आर्काइव्ह वेगळं आणि इन्फ्रास्ट्रक्चर वेगळं.

आर्काइव्ह सगळ्यांच्या ओळखीचं आहे. नासाची पीडीएस, युरोपच्या ईएसए या अवकाश संस्थेची पीएसए, इस्रोची ‘प्रदान’, ही सगळी ग्रहमोहिमांच्या डेटाची भांडारं. निरीक्षणं जशी आली तशी जपायची, प्रत्येक फाइलला लेबल लावायचं, पन्नास वर्षांनीही ती वाचता यावी एवढं बघायचं. इथे कुणी फारसं अडत नाही, पुढे जाऊ.

नाशकात जीआयएसचं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं, काम करणाऱ्याला दुसरी, म्हणजे इन्फ्रास्ट्रक्चरची, बाजू समजायला अवघड नाही. भूमी अभिलेखच्या रेकॉर्ड रूममध्ये टिपणं, गटबुकं, गावनकाशे नीट जपलेले असतात. पण गोदावरीची निळी आणि लाल पूररेषा त्यांवर टाकून कुणाचा गट रेषेच्या आत येतो हे सांगायचं, तर दोन्ही थर एकाच नियंत्रण बिंदूंवर बसलेले लागतात. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो. एव्हरेस्ट डेटमवरची जुनी टोपोशीट आजच्या जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ डेटमवरची समजून उघडली, तर नाशिक परिसरात शंभरेक मीटरचा फरक पडतो. कागद अस्सल, जागा चुकीची.

चंद्रावर आणि मंगळावरही हेच होतं, फक्त तिथे बांधावर जाऊन खुंटी बघता येत नाही.

किरकोळ गोंधळ आधी उरकू. रेखांश ० ते ३६० की उणे-अधिक १८०, पूर्वेकडे मोजायचे की पश्चिमेकडे: सेटिंग बदललं की संपलं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चंद्राचा थर सवयीने ईपीएसजी ४३२६ या पृथ्वीसाठीच्या सेटिंगवर उघडला, तर एक अंश ३०.३ किलोमीटरऐवजी सुमारे १११ किलोमीटर मोजला जातो. मंगळावर प्लॅनेटोसेंट्रिक (ग्रहाच्या केंद्रापासून मोजलेले) आणि प्लॅनेटोग्राफिक (पृष्ठभागाच्या लंबावरून मोजलेले) अक्षांशांची अदलाबदल झाली, तर मध्य अक्षांशांवर सुमारे २० किलोमीटरची चूक होते. एवढ्या मोठ्या चुका डोळ्यांना दिसतात, म्हणून त्या सुधारल्याही जातात.

खरा फसवा फरक आहे तो जिओरेफरन्स्ड आणि कंट्रोल्ड यांच्यातला. प्रतिमेला अक्षांश-रेखांश असणं म्हणजे जिओरेफरन्स्ड. ते येतात यानाची कक्षा आणि कॅमेऱ्याचा रोख यांच्या नोंदींतून, म्हणजे स्पाइस कर्नल्समधून. या नोंदींत थोडी चूक असतेच. शंभर किलोमीटर उंचीवरून रोखात ०.०१ अंशाचा फरक पडला, तर जमिनीवरची जागा साडेसतरा मीटर सरकते. चांद्रयान-२च्या ओएचआरसी कॅमेऱ्याचा पिक्सेल २५ सेंटीमीटरचा, म्हणजे सत्तर पिक्सेल इकडचे तिकडे. दोन प्रतिमा एकमेकींवर ठेवल्या की एकाच विवराच्या दोन कडा दिसतात. मग कुणीतरी जिओरेफरन्सर (प्रतिमा हाताने नकाशावर बसवायचं साधन) उघडून चार ठिकाणी क्लिक करतं आणि रबरासारखं ताणून कडा जुळवतं. हा प्रकार आम्हाला अजिबात मान्य नाही. कडा जुळते, पण चुकीचा हिशेब कुठेच उरत नाही.

कंट्रोल्ड म्हणजे प्रतिमांमधले समान बिंदू शोधून सगळ्या प्रतिमांचे रोख एकत्र सोडवणं. यूएसजीएसच्या आयसिस या सॉफ्टवेअरमध्ये क्रम असा: स्पाइसइनिट, फूटप्रिंटइनिट, फाइंडइमेजओव्हरलॅप्स, ऑटोसीड, पॉइंटरेग (समान बिंदू जुळवणारा), मग जिगसॉ (सगळे रोख एकत्र सोडवणारा), आणि शेवटी कॅमटूमॅप (प्रतिमा नकाशावर टाकणारा). बिघडतं ते बहुधा पॉइंटरेगमध्ये. ध्रुवाकडे सूर्य क्षितिजाजवळ असतो, सावल्या लांब पडतात. चांद्रयान-३ उतरलं ती जागा सुमारे ६९ अंश दक्षिणेला आहे. तिथे वेगवेगळ्या दिशेच्या उन्हातल्या दोन प्रतिमा दिल्या, तर प्रोग्रॅम खडक सोडून सावल्यांच्या कडा जुळवत बसतो. शक्यतो सारख्या उन्हातल्या प्रतिमा एकत्र घ्याव्यात.

दुसरा सापळा जिगसॉनंतर येतो. उरलेली चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत आली की लोक खूश होतात. पण लोला या चंद्राभोवती फिरणाऱ्या लेसर उपकरणाच्या उंचीमापनाला काही बिंदू बांधलेले नसतील, तर अख्खा गठ्ठा आतून घट्ट आणि बाहेरून तरंगता राहतो. शिवाय उंचीचा नकाशा न देता गुळगुळीत गोळ्यावरच प्रक्षेपण केलं, तर २० अंश कललेल्या प्रतिमेत दोन किलोमीटर उंच कडा सुमारे ७३० मीटर बाजूला जाऊन बसतो.

चंद्रावर आणखी एक गोष्ट चांगल्या-चांगल्यांना चकवते. मीन अर्थ (पृथ्वीच्या सरासरी दिशेवर बेतलेली) आणि प्रिन्सिपल ॲक्सिस (चंद्राच्या वस्तुमानाच्या मुख्य अक्षांवर बेतलेली) या अक्षांश-रेखांश मोजायच्या दोन चौकटींत पृष्ठभागावर सुमारे ८६० मीटरचा फरक आहे. नकाशे पहिल्या चौकटीत काढतात, गुरुत्व-प्रतिमानं दुसऱ्या चौकटीत मिळतात. जागतिक नकाशावर ८६० मीटर दिसतही नाहीत, उतरण्याच्या जागेच्या नकाशावर मात्र सगळं बिघडवतात.

त्यामुळे सामायिक नकाशांचा आराखडा करताना पोर्टलचं डिझाइन सर्वांत शेवटी. आधी नियंत्रण जाळं (एकत्र सोडवलेले समान बिंदू), मग उंचीचा नकाशा, मग त्यावर सरळ केलेल्या प्रतिमा. खनिजं, भूरचना, उतरण्याच्या जागा हे थर त्यानंतर. प्रत्येक थरासोबत चौकटीचं नाव, त्रिज्या (चंद्रासाठी १७३७.४ किलोमीटर), वापरलेल्या कर्नल्सची आवृत्ती, उंचीचा नकाशा कोणता, आणि क्षैतिज व उभी चूक मीटरमध्ये लिहावी. ‘अचूकता उत्तम’ असा शेरा चालणार नाही.

खर्चाच्या रकान्यात सर्व्हरइतकीच माणसंही धरावीत. सुधारित कर्नल्स आली की जिगसॉ पुन्हा चालवावा लागतो आणि त्यावरून काढलेला प्रत्येक थर पुन्हा तयार करावा लागतो. ते कोण करणार, किती दिवसांत करणार आणि जुनी आवृत्ती कुठे ठेवणार, हे आराखड्यात पहिल्याच पानावर हवं.