बालवयातील सार्कोमा

हाडे, स्नायू, चरबी, कूर्चा यांसारख्या शरीराला आधार देणाऱ्या ऊतींमध्ये उद्भवणारे कर्करोग म्हणजे सार्कोमा. प्रौढांच्या कर्करोगांत त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का असतो. मुलांमध्ये मात्र तो दहा टक्क्यांच्या आसपास जातो. ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा हे हाडांचे, तर रॅब्डोमायोसार्कोमा हा मऊ ऊतींचा, असे तीन प्रकार मुलांमध्ये प्रामुख्याने आढळतात.

ऑस्टिओसार्कोमा बहुतेक वेळा गुडघ्याशी होतो, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला किंवा नडगीच्या वरच्या. तोही नेमका उंची भराभर वाढण्याच्या वयात. निदानाला उशीर होतो तो इथेच. गोव्यात तर पोरे रोज संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर असतात, त्यामुळे गुडघा सुजला की खेळताना लागले असेल हेच सर्वांना पटते. मग तेल चोळणे, गावठी लेप, घट्ट पट्टी. वास्तविक मार लागल्याने सार्कोमा होत नाही. माराच्या निमित्ताने आधीच असलेल्या गाठीकडे लक्ष जाते, इतकेच. मुका मार काही आठवड्यांत ओसरतो. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे आणि दिवसेंदिवस वाढणारी सूज असेल तर साधा एक्स-रे तरी काढलाच पाहिजे. युइंग सार्कोमात तापही येत असल्याने हाडाचा संसर्ग समजून प्रतिजैविके दिली जातात आणि आणखी वेळ जातो.

एक्स-रेनंतर एमआरआय आणि मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणे. बायोप्सी हे किरकोळ काम समजले जाते, पण सार्कोमात सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. सुई ज्या मार्गाने आत गेली, त्या मार्गात कर्कपेशी सांडलेल्या असू शकतात, म्हणून पुढच्या शस्त्रक्रियेत तो मार्गही कापून काढावा लागतो. छेद भलत्या ठिकाणी घेतला तर वाचू शकणारा पाय गमवावा लागू शकतो. गाठ दिसली म्हणून थेट काढून टाकणे त्याहून वाईट. बायोप्सी पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूनेच करावी, हा नियम त्यातूनच आला.

सूक्ष्मदर्शकाखाली युइंग सार्कोमाच्या लहान, गोल, निळ्या पेशी लिंफोमा किंवा न्यूरोब्लास्टोमा या दुसऱ्या कर्करोगांच्या पेशींसारख्याच दिसतात. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी 1921 मध्ये या रोगाचे वर्णन केले, पण त्याची जनुकीय खूण पक्की व्हायला 1992 उजाडले: 11 व 22 या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलून ईडब्ल्यूएसआर1 आणि एफएलआय1 ही जनुके जोडली जातात. आज ही जोडणी शोधूनच निदानावर शिक्कामोर्तब होते. आनुवंशिकतेचा धागा फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी या अमेरिकी डॉक्टरांनी 1969 मध्ये दाखवला. काही घराण्यांत मुलांना सार्कोमा आणि तरुण वयातील स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होत होता. त्यामागे टीपी53 जनुकातील दोष असल्याचे 1990 मध्ये कळले.

1970 पूर्वी ऑस्टिओसार्कोमावर पाय कापणे हाच उपाय होता. तरीही बहुतेक मुले फुप्फुसात रोग पसरून दगावत. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन ही केमोथेरपीची औषधे आल्यावर, रोग पसरलेला नसल्यास, साठ ते सत्तर टक्के मुले वाचू लागली. बहुतेकांचा पायही आता वाचतो: रोगट हाड काढून धातूचा सांधा बसवतात. लहान मुलांसाठी 1970 च्या दशकात व्हिएन्नात रूढ झालेली एक शस्त्रक्रिया पाहणाऱ्याला विचित्र वाटते. गुडघा काढून खालचा पाय उलटा फिरवून मांडीला जोडतात; टाच पुढे येते आणि घोटाच गुडघ्याचे काम करतो. कृत्रिम पाय लावून अशी मुले धावतात, सायकल चालवतात. दिसायला बरे नाही म्हणून आईवडील कचरतात. पळणाऱ्या मुलाला त्याचे फारसे काही वाटत नाही.

संशोधनातली खरी अडचण रुग्णसंख्येची आहे. ऑस्टिओसार्कोमा दहा लाख मुलांमागे वर्षाला चार-पाच जणांनाच होतो. 2011 च्या जनगणनेत गोव्याची एकूण लोकसंख्याच 14,58,545 होती. एवढ्या राज्यात औषधांची तुलना करणारी चाचणी स्वबळावर उभी राहूच शकत नाही. युरॅमॉस-1 या ऑस्टिओसार्कोमावरील चाचणीसाठी 17 देशांना एकत्र येऊन 2,260 रुग्ण नोंदवावे लागले, आणि निष्पन्न काय, तर औषधांना कमी प्रतिसाद देणाऱ्यांना आणखी दोन औषधे देऊन फायदा होत नाही. असा नकारार्थी निकालही मोलाचा; पुढच्या मुलांचा निरर्थक त्रास वाचला.

गोव्यातील रुग्णाची वाट सहसा बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) निघते आणि अनेकदा परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचते. मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रेत रक्तातील पातळी वारंवार मोजावी लागते, ते खर्चिक. म्हणून टाटात हे औषध वगळून केलेली उपचारपद्धतीही वापरली गेली आहे. उपचार संपल्यावर डॉक्सोरुबिसिनमुळे हृदय आणि सिस्प्लॅटिनमुळे ऐकणे यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा श्रवणचाचणीसाठी दर खेपेला मुंबई गाठण्याचे कारण नाही, पण कोणते औषध एकूण किती मात्रेत दिले याची लेखी नोंद घरच्यांकडे हवी. तिच्याशिवाय इथल्या डॉक्टरला किती वेळाने काय तपासायचे हे ठरवता येत नाही.