गुप्तरोगाची पाटी आणि बीपीची गोळी

संध्याकाळी नागपूरच्या मेडिकल चौकातल्या एखाद्या औषधाच्या दुकानाशी दहा मिनिटे उभे राहिले, तरी एक गिऱ्हाईक हमखास ओळखू येते. तो काउंटरपासून दोन हात लांब थांबतो, बायामाणसांची गर्दी ओसरू देतो, मग पुढे होऊन हळूच म्हणतो, “भाऊ, ते ताकदीचं द्या ना एक. माह्यासाठी नाही, दोस्तासाठी पाहिजे.” दुकानदार पट्टीतून एक गोळी कापतो आणि पाकिटात घालून देतो. गोळी बहुधा सिल्डेनाफिलची, म्हणजे ताठरता आणणाऱ्या औषधाची असते. नियमाने तिला डॉक्टरची चिठ्ठी लागते. ‘दोस्ता’च्या दुसऱ्या खिशात बरेचदा बीपीची किंवा शुगरची पट्टी असते, पण ती तो काढून दाखवत नाही आणि दुकानदारही विचारत नाही.

बीपी-शुगरने आणि काही गोळ्यांनीही कामजीवन बिघडते, तरी हे न विचारणे जुने आहे. नागपूरजवळच्या कामठीला १८२१ पासून इंग्रजांची छावणी. गोऱ्या शिपायांना होणाऱ्या गरमी-परम्याचा, म्हणजे संभोगातून लागणाऱ्या रोगांचा, सरकारने देशभरच धसका घेतला होता. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा त्यातूनच आला, आणि वेश्यांची नोंदणी व सक्तीची तपासणी सुरू झाली. कमरेखालचे दुखणे म्हणजे बाहेरून आणलेला संसर्ग, हे समीकरण तेव्हापासून घट्ट झाले. आजही त्वचारोग आणि गुप्तरोग यांची पाटी एकत्रच लागते. शुगरमुळे ताठरता गेलेला पन्नाशीचा मास्तर त्या पाटीखालच्या बाकावर बसायला धजत नाही, कारण समोरून ओळखीचे कोणी आले तर काय समजेल हे त्याला पक्के ठाऊक असते.

याहून जुना विचार जास्त शहाणा होता, असे मला वाटते. वाजीकरण, म्हणजे कामशक्ती वाढवण्याचे शास्त्र, हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. शुक्र, म्हणजे वीर्य, कशाने क्षीण होते, हे सांगताना चरकसंहिता म्हातारपण, चिंता, व्याधी, कष्ट, उपासमार आणि अतिसंभोग अशी कारणे देते. व्याधी त्यात स्पष्ट आहे. रस्त्याकडेला तंबू ठोकून ताकदीच्या पुड्या विकणाऱ्यांनी यातले नेमके शेवटचे उचलले आणि त्याला ‘बचपन की गलती’ जोडून भिंती रंगवल्या. धातू (वीर्य) जातो म्हणून खंगणाऱ्या तरुणांच्या या भीतीला मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले.

मराठीत मोकळेपणाने विचारायची एक जागा तयार झाली होती. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक कामजीवनाविषयी प्रश्न पाठवत आणि कर्वे त्यांना उत्तरे छापत. या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला कर्वे हरले. कर्वे १९५३ मध्ये गेले, तोवर मासिक कसेबसे चालले. पुढच्याच वर्षी, नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, औषधे व जादुई उपाय कायदा आला. कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर त्याने बंदी घातली. कायदा योग्यच होता. पण भिंतींवरचा मजकूर थोडा आडवळणाने लिहिला जाऊ लागला, इतकाच फरक पडला. डॉक्टरांनी मात्र या विषयावर बोलायचेच सोडून दिले.

त्यात १९७० च्या सुमाराला जगभरचे डॉक्टर ताठरता न येण्याचे हे दुखणे बहुतांशी मनाचेच मानत. हा समज मोडायला पुढची दहा-पंधरा वर्षे लागली. १९८१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या रक्तदाबाच्या मोठ्या चाचणीत ज्यांना थायझाइड, म्हणजे आपल्याकडे जिला लोक लघवीची गोळी म्हणतात ती, दिली होती, त्यांच्यात नपुंसकत्वाच्या तक्रारी ठळकपणे वाढलेल्या दिसल्या. १९८३ मध्ये लास वेगासच्या परिषदेत ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी ताठरता आणणारे इंजेक्शन स्वतःच्या शिश्नात घेऊन त्याचा परिणाम भर सभेत दाखवला. पुरावा देण्याची अशी पद्धत पुन्हा कोणी वापरल्याचे ऐकिवात नाही. १९९४ च्या मॅसेच्युसेट्सच्या पाहणीत चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांत ५२ टक्क्यांना कमी-अधिक त्रास होता. पूर्ण नपुंसकत्व एकूण पाहणीत दहा टक्क्यांच्या आसपास, तर मधुमेहाचे उपचार घेणाऱ्यांत २८ टक्के होते. शुगर नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही खाते. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे त्या आधी तुंबतात. कित्येकांना छातीत दुखण्याच्या दोन-चार वर्षे आधी ही खूण मिळते आणि ते ती पुडीवाल्याकडे घेऊन जातात.

नैराश्याच्या गोळ्यांबाबत स्पेनमध्ये १९९७ साली एक अभ्यास छापला गेला. ३४४ रुग्णांपैकी आपणहून लैंगिक त्रास सांगणारे १४ टक्के निघाले, आणि डॉक्टरांनी थेट विचारल्यावर हाच आकडा ५८ वर गेला. औषध तेच होते आणि माणसेही तीच होती. रिस्पेरिडोनसारख्या मनोविकारावरच्या गोळ्यांनी प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढते, इच्छा मरते, बायकांची पाळी थांबते. गोळी बदलून किंवा मात्रा कमी करून यातले बरेच सुटते, पण स्वतःच्या मनाने औषध तोडले तर बीपी उसळते किंवा आजार उलटतो.

सिल्डेनाफिल १९९८ मध्ये आले आणि इथल्या कंपन्यांनी ते लवकरच स्वस्त केले. छातीत दुखले की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आणि ही गोळी एकत्र आल्या, तर रक्तदाब जीवघेणा कोसळतो. ‘हर्बल’ पुड्यांतही सिल्डेनाफिल मिसळलेले सापडल्याचे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, वारंवार जाहीर केले आहे. म्हणजे तंबूतून पुडी नेणाऱ्यालाही हा धोका चुकत नाही.

नागपूरचा खास प्रश्न मात्र वेगळाच आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, नोंद १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये छापली. विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी घरांत हा आजार जास्त आहे. इथे शिबिरे झाली, चळवळ झाली, सिकलसेल सोसायटीच्या संपत रामटेकेंना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. लग्नाआधी दोघांचे रक्त तपासा, हे आता खेड्यातही माहीत आहे. पण या आजाराच्या मुलांना आणि पुरुषांना पहाटे कधी कधी एक त्रास होतो, तो कोणी बोलत नाही. विळ्याच्या आकाराच्या पेशी शिश्नात अडकतात, रक्त बाहेर पडत नाही, आणि इच्छा नसताना आलेली दुखरी ताठरता उतरतच नाही. चार तास उलटले की आतले मांस मरू लागते. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा पांघरुणात रात्र काढतो, सकाळी आईला ‘पोट दुखते’ म्हणतो, आणि दवाखान्यात खरे काय ते समजेपर्यंत दुपार झालेली असते. असे दोन-चार वेळा झाले की पुढे कायमची ताठरता जाऊ शकते. सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाने शुक्राणू कमी होऊ शकतात, हेही लग्न ठरायच्या आत सांगायला हवे.

बायकांकडे तर पुडीवालासुद्धा फिरकला नाही. तुकडोजी चौकाजवळच्या कॅन्सर दवाखान्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन घरी गेलेल्या बाईचा योनिमार्ग कोरडा आणि आखूड होतो. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या टॅमॉक्सिफेनच्या गोळीनेही कोरडेपणा येतो. जेली, डायलेटर (योनिमार्ग मोकळा ठेवायची नळी) असे उपाय आहेत. बाई मात्र फेरतपासणीला येऊन एवढेच म्हणते, “यांची चिडचिड वाढली आहे, झोपेची गोळी द्या.” डॉक्टर ती लिहून देतात.

सरकारी दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीवर “काय त्रास?” असे मागची रांग ऐकेल एवढ्या मोठ्याने विचारतात. ज्याची शुगरची, हृदयाची, मनाची किंवा सिकलसेलची फाइल आधीच उघडलेली आहे, त्याला त्या खिडकीवर नव्याने उभे राहायची गरज नाही. पुढच्या तारखेला घरातल्या सगळ्या पट्ट्या, दोस्तासाठी घेतलेलीही, एका पिशवीत घालून त्याच डॉक्टरांच्या टेबलावर ओतायच्या आणि कोणती कधी सुरू झाली ते सांगायचे.