नाणं चमकवलं की किंमत वाढते? उलट आहे राव

जुनं काळं पडलेलं नाणं लिंबू-सोडा किंवा टूथपेस्टने घासलं की भाव वाढतो, हे कित्येक वर्षं फिरतंय आणि साफ चुकीचं आहे. चांदीवरचा काळपटपणा म्हणजे मळ नाही, हवेतल्या गंधकाशी चांदीची रिॲक्शन होऊन बनलेला सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर असतो, आणि तो घासून काढला की त्याच्यासोबत चांदी पण जातेच ना. नाणं छापताना धातू दाबला जाऊन अतिशय बारीक रेषा पडतात, त्यांच्यामुळेच नवीन नाणं तिरपं फिरवलं की चकाकी गोल फिरताना दिसते, ती एकदा घासली गेली की परत येत नाही, मग राहते ती भांड्यासारखी चमक आणि भिंगातून दिसणारे ओरखडे. तांब्याचं तर ॲसिडने विचित्र गुलाबी होतं. पीसीजीएस, एनजीसी या नाणी तपासून दर्जा (ग्रेड) ठरवणाऱ्या कंपन्या असं नाणं ‘क्लीन्ड’ म्हणून बाजूला काढतात, नॉर्मल ग्रेड देत नाहीत.

अपवाद आहेत. पीव्हीसीच्या (मऊ प्लॅस्टिकच्या) पाकिटामुळे नाण्यावर आलेला हिरवा चिकटा शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून निघतो (घासायचं नाही, आणि आगीपासून लांब). तांब्या-कांस्यावर फिकट हिरवी भुकटी पसरत असेल तर ते नाणं वेगळं ठेवून जाणकाराला दाखवा. बाकी काळं असेल तर असू दे, हात लावू नका.